पंचेचाळीस एचपी की चोवीस? पेडण्यातल्या अकरा घरांनी ट्रॅक्टर कसा ठरवला

पार्श्वभूमी

गाव गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं, नदीकाठचं. नाव देत नाही, कारण घरं मोजकीच आहेत आणि कोण कोण ते लगेच ओळखता येईल. आम्ही अकरा घरं मिळून २०२३ च्या पावसानंतर एक गट केला, मी त्यात हिशेब आणि कागदपत्रं बघतो, म्हणून हे सगळं वहीत तारखेसकट आहे आणि त्यावरूनच लिहितोय.

जमीन सगळ्यांची मिळून साधारण सात हेक्टर, पण एका जागी नाही. आमच्याकडे कोणी हेक्टर बोलत नाही, "माझं दोन हजार मीटर हाय" असं सांगतात, म्हणजे चौरस मीटर, आणि ते दोन हजार मीटरसुद्धा तीन-चार कुणग्यांत, म्हणजे बांधाने वेगळ्या केलेल्या तुकड्यांत, विभागलेलं. त्यात पण तीन जाती. नदीला लागून खाजन, म्हणजे बांध घालून आणि मानस (पाणी अडवायचं-सोडायचं दार) बसवून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, तिथे चिखल खोल आणि पाणी निचरायला वेळ लागतो. त्याच्या वर खेर, रेतीमिश्रित, पाणी बऱ्यापैकी धरणारी, आमचं खरं भात तिथे, आणि तिळारीच्या कालव्याचं पाणी मिळेल त्या भागात वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भातही होतं. आणि त्याच्याही वर मोरड, पायऱ्यापायऱ्यांची लाल जांभ्याची जमीन जी पाऊस थांबला की आठ दिवसांत दगडासारखी होते. शिवाय घरांभोवती माडाची भाटं, म्हणजे बागा. म्हणजे एकाच गटाला चार प्रकारची मशागत लागते, आणि पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

अडचण

बैलजोडी वाड्यावर शेवटची होती ती विकून बरीच वर्षं झाली. नंतर दोन सोयी उरल्या. एक म्हणजे आमच्या वाड्यावरच्या आबांचा जुना टिलर (मागे चालत हँडल धरून चालवायचं छोटं मशागतीचं यंत्र), आबांचं वय पासष्टच्या पुढे, आणि दुसरा बाहेरून येणारा भाड्याचा पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर. तो चांगला होता, चालवणारा पण चांगला होता, पण पावसाच्या तोंडावर त्याला दहा गावांची बोलावणी, आणि आमचे कुणगे बारीक, वळायला जागा नाही, त्यामुळे मोठी शेतं उरकून तो आमच्याकडे शेवटी यायचा. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पण भात थांबत नाही ना. तरवा, म्हणजे भाताची रोपं, एकवीस-पंचवीस दिवसांचा झाला की लावायला हवा. २०२३ ला चिखलणी (लावणीआधी पाणी धरून शेताचा चिखल करणं) व्हायला उशीर झाला आणि आमच्यातल्या सहा घरांनी चाळीस दिवसांचा तरवा लावला. वय झालेल्या तरव्याला फुटवे कमी येतात हे पुस्तकात वाचायची गरज नाही, ऑक्टोबरात शेताकडे बघितलं की कळतं, मधे मधे जमीन दिसत होती. दोन घरांनी तर कुणगे पडीकच ठेवले. एकदा पडीक पडलं की बांध ढासळतात, शेजारच्याच्या शेतात गवत आणि रानडुकरं येतात, मग तोही सोडतो. गट करायचं खरं कारण हे होतं. ट्रॅक्टर घ्यायची हौस म्हणून नव्हे तर आणखी दोन वर्षांनी लावायला कोणीच उरणार नाही ही भीती.

पर्याय जे समोर आले

पहिली बैठक देवळाच्या मंडपात झाली आणि तिथे जवळजवळ ठरलंच होतं की मोठा ट्रॅक्टर घ्यायचा. तरुण पोरांचं म्हणणं असं की पंचेचाळीस एचपीचा टू व्हील ड्राइव्ह, सेकंड हँड, पाच फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) आणि ट्रॉली, शेताचं काम दोन महिने आणि उरलेले दहा महिने चिरे-रेती वाहायची, हप्ता त्यातून सुटेल. ऐकायला बरोबर वाटतं. मी पण मान डोलावली होती हे कबूल करतो. पण शेतीकामाच्या नावाने पासिंग केलेला ट्रॅक्टर भाड्याने चिरे वाहायला वापरता येत नाही, त्याला व्यावसायिक वाहनाचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. हे कळल्यावर मोठ्या ट्रॅक्टरचा निम्मा हिशेब तिथेच कोसळला.

दुसरा पर्याय आबांचा. "दोन नवे टिलर घ्या, गप बसा." टिलरची बाजू मजबूत आहे. बारा-तेरा एचपी, वजन चारशे किलोच्या आसपास, लोखंडी जाळीची चाकं लावली की खाजनाच्या चिखलात पण चालतो, दोन माणसं आणि दोन फळ्या असल्या की बांधावरून पलीकडे नेता येतो, डिझेल कमी. पण त्याच्यामागे चालावं लागतं. टिलरची रुंदी साधारण दोन फूट धरली तर एक हेक्टर एकदा फिरवायला साडेसोळा किलोमीटर चाल होते, चिखलातून, थरथरणारं हँडल धरून, आणि चिखलणीला दोन-तीन हात तरी मारावे लागतात. हा आकडा मी बैठकीत फळ्यावर काढून दाखवला तेव्हा पोरं गप्प झाली. आणि खरं सांगायचं तर आबांनंतर टिलरला हात लावायला वाड्यावर कोणी तयारच नव्हतं, यंत्र घेणं सोपं, त्याच्यामागे चालणारा माणूस आणायचा कुठून.

तिसरा, मिनी ट्रॅक्टर, चोवीस ते सत्तावीस एचपी, फोर व्हील ड्राइव्ह. महिंद्राचा जिवो, कुबोटाचा निओस्टार, व्हीएसटीचे मॉडेल, असे बरेच आहेत या वर्गात. हे मुळात द्राक्षबागा-फळबागांसाठी लोकप्रिय झाले कारण अंगाने अरुंद, सव्वातीन-साडेतीन फूट. पुढच्या चाकांना पण ताकद जाते, हा टू व्हीलशी मुख्य फरक. टू व्हीलमध्ये जास्तीचं वजन मागच्या चाकांवर असतं आणि पुढची बारीक चाकं नुसती ढकलली जातात, कोरड्या मोरडीत ते चालतं, पण चिखलात ती चाकं नांगरासारखी रुततात. फोर व्हीलमध्ये पुढचं चाक स्वतः ओढत वर चढतं.

चौथा, पंचेचाळीस एचपीचाच पण फोर व्हील आणि वजनाला हलका, खास भातासाठी काढलेला. माझ्या मते यंत्र म्हणून सगळ्यात उत्तम हाच, खाजनासाठी तर नक्की, पण किंमत आमच्या बाहेरची आणि रुंदीचा प्रश्न तसाच.

पाचवा पर्याय कोणी गंभीरपणे बोललंच नाही, काहीच न घेता भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याशी मे महिन्यातच तारखा बांधून घ्यायच्या, थोडे पैसे आगाऊ द्यायचे. आता मागे वळून बघताना वाटतं की निदान एक हंगाम हा करून बघायला हवा होता.

निर्णय फिरला तो दिवस

दुसऱ्या बैठकीआधी मी आणि आबा एक काम केलं. सहा फुटाचा बांबू घेतला, मोठ्या ट्रॅक्टरला लागेल तेवढा, आणि मुख्य रस्त्यापासून प्रत्येक कुणग्यापर्यंत तो आडवा धरून चालत गेलो. पहिल्या दीडशे पावलांतच अडकलो. एका बाजूला चिऱ्यांचा कंपाऊंड, दुसऱ्या बाजूला जुन्या विहिरीचा कठडा, मधे अंतर चार फूट दोन इंच. त्या वाटेच्या पुढे आमचं अर्धंअधिक शेत. भाड्याचा ट्रॅक्टर यायचा तो नदीकडच्या बांधावरून लांबचा फेरा मारून, आणि तो बांध पावसात भिजला की त्यावर जड वाहन घालणं म्हणजे खाजनच धोक्यात घालणं.

मग आबांनी एक पातळ सळी घेतली आणि ओल्या कुणग्यांत खुपसत गेले, कडक थर लागेपर्यंत. खेरात वीत-दीड वीत. खाजनात बहुतेक ठिकाणी गुडघाभर, आणि नदीकडच्या तीन कुणग्यांत सळी अडीच फूट गेली तरी खाली काही लागेना. आबा म्हणाले, "मास्तर, ह्या तिनांत तुमचा कुठलाच ट्रॅक्टर नको." मी ते वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी विसरलो, ते खाली येईल.

बांबू आणि सळीची मापं कागदावर काढून बैठकीत ठेवली. वाद फार झाला नाही. वरच्या वाड्यावरचा एक पोरगा, जो मोठ्या ट्रॅक्टरसाठी सगळ्यात जास्त भांडला होता, त्याने स्वतः जाऊन विहिरीजवळ टेप लावून बघितला आणि परत येऊन म्हणाला, "चार फूट दोन इंच खरंच आसा." ठरलं असं की चोवीस एचपीच्या वर्गातला एक फोर व्हील मिनी ट्रॅक्टर, साडेतीन फुटी रोटाव्हेटर, एक कल्टिव्हेटर (फाळांनी माती उकरणारं अवजार), आणि सोबत एक नवा टिलर.

काय केलं

सबसिडीसाठी कृषी कार्ड, जमिनीचे कागद, कोटेशन हे सगळं विभागीय कृषी कार्यालयात. केंद्राच्या यांत्रिकीकरणाच्या योजनेत लहान शेतकरी आणि महिलांना जास्त टक्केवारी मिळते, पण प्रत्येक अवजाराला रकमेची वरची मर्यादा असते, किमतीच्या निम्मे म्हणजे निम्मे मिळतीलच असं धरून चालू नका, आम्ही आधी तसं धरलं आणि हिशेब कमी पडला. ट्रॅक्टर एका वहिनींच्या नावावर घेतला कारण त्यांचे कागद सगळ्यात स्वच्छ होते. बाकीच्या बऱ्याच घरांत जमीन अजून आजोबांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, आणि या एका गोष्टीत आमचे दोन महिने गेले. ट्रॅक्टर मे २०२४ ला आला. तेव्हा जीएसटी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय, आता घेणाऱ्यांनी कोटेशन नवीन दरानेच मागून घ्यावं.

एक चूक इथेच झाली. ट्रॅक्टरसोबत लोखंडी जाळीची चाकं मागवली होती ती वेळेवर आली नाहीत, पाऊस मात्र वेळेवर आला. आम्ही ठरवलं की खेरात नुसत्या टायरवर सुरुवात करू. पहिले दोन दिवस छान गेले. इतकं छान की तिसऱ्या दिवशी पोरं ट्रॅक्टर घेऊन खाजनात उतरली, आणि उतरली ती नेमकी त्या तीनांपैकी एका कुणग्यात.

मी पोचलो तेव्हा मागची दोन्ही चाकं अर्धी आत, ट्रॅक्टरचं पोट चिखलाला टेकलेलं, आणि चालवणारा अजून क्लच सोडून रेस देत होता. चाक फिरलं की फक्त भोवतीचा चिखल पातळ होऊन खाली बसतो, ट्रॅक्टर आणखी इंचभर खाली जातो. कोणीतरी बांबूचा दांडा आणला आणि मागच्या चाकाला आडवा बांधून पुढे काढू म्हणाला. आबा बांधावरून असे ओरडले की सगळे थांबले. ते बरोबर होते. चाक बांधलेल्या दांड्यावर अडकलं आणि इंजिनने ताकद दिली की चाक फिरत नाही, ट्रॅक्टरच पुढून उचलला जातो आणि मागे उलटतो, चालवणारा खाली. आम्ही इंजिन बंद केलं, रोटाव्हेटर सोडवून बाजूला काढला, मागच्या बाजूने फावड्याने उतार काढला, चाकांखाली झावळ्या आणि बांबूचे तुकडे अंथरले, डिफरन्शियल लॉक लावला, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात, आणि सगळ्यात खालच्या गिअरमध्ये रिव्हर्स, मागून आठ जणांनी दोर ओढला. साडेतीन तास लागले. कोणाला काही लागलं नाही हे नशीब समजतो मी.

त्या संध्याकाळी नियम लिहिला आणि शेडच्या दारावर चिकटवला, खाजनात ट्रॅक्टर नाही, फक्त टिलर, आणि नदीकडच्या तीन कुणग्यांत टिलरही आबांना विचारून.

टिलरचं शिक्षण पण सोपं नव्हतं. मोरडीच्या उतारावरून टिलर खाली आणताना त्याचं वळणं उलटं होतं हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. सपाटीवर डावीकडचा क्लच दाबला की तो डावीकडे वळतो. उतारावर डावा क्लच दाबला की डावं चाक इंजिनच्या ब्रेकमधून सुटून जोरात धावतं आणि टिलर उजवीकडे जातो. आबांनी हे तिघांना रिकाम्या मोरडीत चार-चार वेळा करायला लावलं, उतारावर क्लचला हात नको, हँडलनेच वळवायचं. आणि रिव्हर्स गिअरमध्ये रोटरी, म्हणजे टिलरची फिरणारी पाती, कधीच चालू नाही. माडाच्या भाटात मागे बघताना पाय माडाच्या मुळाला अडखळला की पाती थेट पायावर येतात.

परिणाम

२०२४ ला खेराची चिखलणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात उरकली. तरवा बहुतेक सगळ्यांचा पंचवीस ते तीस दिवसांत लागला. पडीक टाकलेल्या दोन घरांनी परत शेत केलं. २०२५ ला जाळीची चाकं आधीच बसवलेली होती, त्यामुळे काम जूनच्या शेवटी संपलं आणि शेजारच्या वाड्यावर पण आठ-दहा दिवस भाड्याने दिला.

माडाच्या भाटात मिनी ट्रॅक्टरने जी कामगिरी केली ती आम्ही धरलीच नव्हती. माडामधलं अंतर पंचवीस फुटांच्या आसपास, बुंध्यापासून सहा फूट सोडून मधल्या पट्ट्यात उथळ रोटाव्हेटर मारला की गवत आणि झावळ्यांचा चुरा मातीत जातो, मुळं फारशी तुटत नाहीत. मोठ्या ट्रॅक्टरने हे काम होतं, पण वळताना एखादा रोपटा तरी जातोच.

नुकसानीच्या बाजूला पण लिहायला हवं. पहिल्या ऑगस्टमध्ये पुढच्या अॅक्सलचं ऑइल सील गेलं, आत चिखल-पाणी शिरलं. कारण साधं, फोर व्हीलचा पुढचा अॅक्सल रोज धुवावा आणि तेल बघावं लागतं आणि आमच्याकडे सगळ्यांचा ट्रॅक्टर म्हणजे कोणाचाच नाही अशी गत झाली होती. आता ज्याच्या शेतात शेवटचं काम झालं त्याने धुवून द्यायचा, वहीत सही. मोरडीत पण हा ट्रॅक्टर कमी पडतो. चोवीस एचपी इंजिनला असली तरी पीटीओपर्यंत, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यापर्यंत, त्यातली थोडी कमीच पोचते, आणि डिसेंबरात सुकलेल्या जांभ्यात कल्टिव्हेटर नुसता वर उचलून येतो. मोरडीला आम्ही पाऊस संपल्या संपल्या ओल असतानाच नांगरतो, नाहीतर भाड्याचा मोठा ट्रॅक्टर जिथे पोचू शकतो तिथे तोच बोलावतो. त्याच्याशी संबंध तोडले नाहीत ही चांगली गोष्ट झाली.

आणि चालवणार कोण या प्रश्नाचं उत्तर आम्ही ज्या बाजूला बघतच नव्हतो तिथून आलं. ज्या वहिनींच्या नावावर ट्रॅक्टर आहे त्या स्कूटर चालवायच्या, पहिल्या मे मध्ये त्यांनी म्हटलं "मी शिकते, माझ्याच नावावर आहे ना." टिलर त्यांना झेपला नसता, आमच्यातल्या पुरुषांनाही झेपत नाही, पण मिनी ट्रॅक्टर बसून चालवायचा, पॉवर स्टिअरिंग, हायड्रॉलिकची कांडी हाताशी. २०२५ ला निम्म्याहून जास्त तास त्यांच्या नावावर आहेत वहीत, आणि बांधाच्या कडेला रोटाव्हेटर कधी उचलायचा हे त्यांच्याइतकं नेमकं कोणाला जमत नाही, बांध एकदाही फुटलेला नाही त्यांच्या हातून.

काय वेगळं केलं असतं

टिलर आधी घेतला असता, ट्रॅक्टर एका वर्षाने. सगळं एकदम घेतल्यामुळे शिकायला वेळ मिळाला नाही आणि पोरं खाजनात उतरली.

जाळीची चाकं हातात आल्याशिवाय बाकीचे पैसे दिले नसते. आमच्या जमिनीत ती ट्रॅक्टरचाच भाग आहेत.

जमिनीचे कागद ट्रॅक्टरच्या आधी, एक वर्ष आधी.

आणि कापणीचा विचार पेरणीसोबतच केला असता. चार फूट दोन इंचातून मिनी ट्रॅक्टर गेला, कापणीचा मोठा हार्वेस्टर जात नाही. अजून आम्ही विळ्यानेच कापतो, पाच-सहा घरांतली म्हातारी माणसं वाकून कापतात, आणि मला ते बघवत नाही. विहिरीच्या मालकांशी बोलणं चालू आहे, कठडा जुना आहे, तो पाडायचा नाही असं त्यांचं म्हणणं आणि ते मला पटतं. कंपाऊंडच्या बाजूने दोन फूट मिळतात का ते बघतोय, ते घर मुंबईला असतं, गणपतीत येतील तेव्हा समोरासमोर बसून बोलायचं ठरलंय.

नदीकडचे ते तीन कुणगे या वर्षी मोकळेच आहेत. भरतीच्या पाण्याने मानशीजवळ बांध थोडा फुटला होता आणि खारं पाणी आत आलं, बांध आता बांधलाय, पण एक पूर्ण पाऊस मीठ धुवून जायला द्यायचा असं आबा म्हणतात. पुढच्या जूनमध्ये तिथे कोरगुटचं बी टाकून बघणार आहोत, खारटपणा सोसणारं आमचं जुनं भात ते, आणि चिखल टिलरने, आबा बांधावर बसून.